घराच्या व्यवहारासाठी ‘जवळचा’ सॉलिसिटर म्हणजे नेमका कुठला?

टेम्सकाठची

नमस्कार. गेली आठ वर्षे आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला, स्वतःच्या लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावरच्या) फ्लॅटमध्ये राहतो. यजमानांच्या नोकरीचे ठिकाण आता मँचेस्टर झाल्याने हा फ्लॅट विकून स्टॉकपोर्टच्या बाजूला १९३०च्या दशकातले एक सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेले), फ्रीहोल्ड (जमिनीसह कायमच्या मालकीचे) घर घ्यायचे आम्ही ठरवले आहे. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळाले, त्या घरासाठी आमची ऑफरही मान्य झाली, आणि तेव्हापासून दोन्हीकडचे इस्टेट एजंट ‘तुमचा सॉलिसिटर, म्हणजे घराचे कायदेशीर काम पाहणारा वकील, कोण?’ असे दिवसाआड विचारत आहेत.

जो तो सांगतो की सॉलिसिटर जवळचा घ्या. पण आमच्या बाबतीत जवळचा म्हणजे कुठला, जे विकतो आहोत त्याच्या जवळचा की जे घेतो आहोत त्याच्या, हेच कळेनासे झाले आहे. रेडिंगच्या एजंटने जी फर्म सुचवली तिचे कार्यालय दोन्ही गावांपासून दूर, तिसऱ्याच शहरात आहे. विक्री आणि खरेदी मिळून त्यांनी १,४५० पौंड अधिक व्हॅट असा आकडा दिला, आणि ‘आमच्या नेहमीच्या फर्मकडे गेलात तर काम लवकर होईल’ असे एजंट पुन्हा पुन्हा सांगतो. आमच्याच रस्त्यावरच्या जुन्या फर्मने याच कामाचे २,३५० पौंड सांगितले. स्टॉकपोर्टमधल्या एका फर्मने २,२०० सांगितले, पण तिथे आमच्या ओळखीचे कोणीच नाही.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण कदाचित त्यांनी उत्तर बदलेल. आमची इमारत सहा मजली आहे. शिवाय नव्या घराच्या रकमेतला काही भाग सासूसासरे पुण्याहून पाठवणार आहेत. पहिल्या खरेदीच्या वेळी बिल्डरने नेमून दिलेल्या फर्मकडे आम्ही डोळे मिटून गेलो होतो, आणि लीजमध्ये काय लिहिले आहे ते मला आत्ता, फ्लॅट विकताना, पहिल्यांदा वाचायला मिळाले. या वेळी तसे व्हायला नको आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तरेचा वारा

माझा अनुभव तुम्ही जिथे घर घेत आहात त्याच पट्ट्यातला आहे, म्हणून आधी तो सांगतो. मी स्टॉकपोर्टच्या शेजारी दोनदा घर घेतले. पहिल्या खेपेला फर्म दक्षिणेतली होती. घराच्या कागदपत्रांत वर्षाला चार पौंड आणि काही पेन्स इतका ‘चीफ रेंट’ निघाला. तो पाहून तिकडच्या बाईंनी मला चार पानी गंभीर पत्र पाठवले, विकणाऱ्याकडे विमा पॉलिसी मागितली, बँकेला कळवले आणि या सगळ्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्या खेपेला इथल्याच फर्ममधल्या बाईंकडे असाच कागद आला, तेव्हा त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितले की या रस्त्यावरच्या निम्म्या घरांना तो आहे, मागील पावत्या विकणाऱ्याकडून मागवून घेऊ, आणि हवे असेल तर एकरकमी पैसे भरून तो कायमचा उतरवूनही घेता येईल.

हा चीफ रेंट म्हणजे रेंटचार्ज. घर फ्रीहोल्ड असले तरी मूळ जमीनमालकाच्या वारसांना दरवर्षी द्यायची ही क्षुल्लक रक्कम ग्रेटर मँचेस्टर आणि ब्रिस्टल या भागांत विशेष आढळते. १९७७च्या रेंटचार्ज कायद्याने असे नवे बोजे घालणे बहुतांशी बंद केले आणि जुने बहुतेक २०३७मध्ये आपोआप संपतील. मात्र रक्कम क्षुल्लक म्हणून विषयही क्षुल्लक असे समजू नका. १९२५च्या मालमत्ता कायद्यात अशी तरतूद होती की ही रक्कम ४० दिवस थकली तर रेंटचार्जचा मालक त्या घरावर लीज निर्माण करू शकतो, आणि २०१६मध्ये वरिष्ठ न्यायाधिकरणानेही काही पौंडांच्या थकबाकीपोटी केलेली अशी ९९ वर्षांची लीज ग्राह्य धरली. जुन्या चीफ रेंटच्या बाबतीत २०२४च्या लीजहोल्ड सुधारणा कायद्याने ही टांगती तलवार काढली. नव्या खासगी वसाहतींमध्ये रस्ते आणि बागांच्या देखभालीसाठी जो इस्टेट रेंटचार्ज लावतात तो वेगळा, आणि त्याकडे आजही डोळ्यांत तेल घालूनच पाहावे लागते.

सांगायचा मुद्दा असा की जमिनीच्या खोडी त्या त्या भागाच्या असतात. कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या खाणी, चेशरमध्ये मिठाच्या उपशाने खचलेली जमीन, आमच्याकडे कोळसा. म्हणून माझे मत स्टॉकपोर्टच्या फर्मला. फ्लॅट तुम्ही विकून मोकळे होणार आहात. घरात राहायचे आहे.

फायलीतला माणूस

मी स्वतः सॉलिसिटर नाही, पण इंग्लंडमधल्या दोन कन्व्हेयन्सिंग (घराच्या मालकी हस्तांतराचे कायदेशीर काम करणाऱ्या) फर्ममध्ये मिळून नऊ वर्षे फायली हाताळल्या आहेत. त्या अनुभवावरून वरच्या प्रतिसादाशी मी अर्धा सहमत आहे. कोणत्या पत्त्याला खाणीचा शोध घ्यायचा, कुठे मिठाचा, हे आता सर्च (मालमत्तेविषयीचे चौकशी-अहवाल) मागवण्याची संगणकप्रणालीच सांगते, त्यामुळे कॉर्नवॉलमधला माणूस स्टॉकपोर्टच्या घराचा कोळशाचा अहवाल मागवायला विसरेल असे सहसा होत नाही. अहवाल आल्यावर तो वाचणाऱ्याला त्यातले काय नेहमीचे आणि काय नवलाचे हे कळते का, हा खरा प्रश्न आहे. ते ज्याला कळते तो माणूस तुमच्या गल्लीत बसलेला असेल किंवा नसेलही. रस्त्यावरच्या जुन्या पाटीमागे सहा महिन्यांपूर्वी लागलेला नवशिका असू शकतो, आणि दूरच्या मोठ्या फर्ममध्ये वीस वर्षे फक्त उत्तर इंग्लंडच्या फायली पाहणाऱ्या बाई असू शकतात.

म्हणून मी तुम्हाला पत्ता विचारायला सांगणार नाही, तर माणूस विचारायला सांगेन. फोन करून पहिला प्रश्न हा करावा: ‘माझी फाइल पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कोण पाहणार, आणि त्या व्यक्तीशी मी थेट बोलू शकेन का?’ यावर नाव मिळाले तर ते लिहून घ्यावे. ‘आमची टीम पाहते’ असे उत्तर आले तर समजून जावे की दर वेळी फोन वेगळी व्यक्ती उचलणार आणि दर वेळी तुम्हाला पहिल्यापासून कथा सांगावी लागणार. दुसरा प्रश्न, त्या व्यक्तीच्या हाती सध्या किती फायली आहेत. हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण विलंबाचे खरे कारण बहुतेक वेळा याच आकड्यात असते. माझ्याकडे ५० चालू फायली होत्या तेव्हा मी प्रत्येक ईमेलला दुसऱ्या दिवशी उत्तर देत असे; ११० झाल्या तेव्हा जो ओरडे त्याचीच फाइल वर येई. तिसरा प्रश्न, ती व्यक्ती रजेवर गेली तर फाइल कोणाकडे जाते. एक्सचेंज, म्हणजे करार पक्का होण्याचा टप्पा, नेमका शाळांच्या सुट्टीतच येऊन ठेपतो, हा योगायोग मी इतक्यांदा पाहिला आहे की त्याला आता योगायोग म्हणवत नाही.

आता पात्रतेबद्दल. आपण सरसकट सॉलिसिटर म्हणतो, पण हे काम परवानाधारक कन्व्हेयन्सरही करतात. सॉलिसिटर फर्मवर एसआरएचे, म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीचे नियंत्रण असते आणि कन्व्हेयन्सरांवर सीएलसीचे, म्हणजे कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचे. सरळ घरव्यवहारासाठी दोन्ही चालतात. वाटणी, घटस्फोट किंवा शेजाऱ्याशी हद्दीचा वाद त्यात गुंतला असेल तर ज्या फर्ममध्ये इतर शाखांचे सॉलिसिटरही आहेत ती बरी. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर नाव टाकून फर्म खरोखर नोंदणीकृत आहे का हे दोन मिनिटांत तपासता येते. लॉ सोसायटीची कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम नावाची मान्यता २०११पासून आहे, ती असलेली बरी. काही बँका आपल्या पॅनेलवर घेताना ती पाहतात.

पॅनेल हा शब्द लक्षात ठेवा. तुमचा सॉलिसिटर एकाच वेळी तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेसाठीही काम करत असतो आणि त्यासाठी तो त्या बँकेच्या यादीत असावा लागतो. तो यादीत नसेल तर बँक स्वतःसाठी वेगळी फर्म नेमते आणि तिचा खर्च व वेळ दोन्ही तुमच्या माथी येतात. तेव्हा मॉर्गेज म्हणजे गृहकर्ज कोणाचे घेणार हे आधी सांगूनच कोटेशन मागवा.

एजंटच्या शिफारशीबद्दल. त्याने सुचवलेली फर्म घेण्याची सक्ती तो करू शकत नाही. गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल अशा फर्म एजंटला रेफरल फी देतात. ती देण्यात बेकायदा काही नाही, पण फर्मने ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे, म्हणून आकडा सरळ विचारा. १,४५० पौंडांतले दोनअडीचशे एजंटकडे जाणार असतील तर उरलेल्या पैशांत विक्री आणि खरेदी अशा दोन फायलींना किती वेळ मिळेल याचा अंदाज तुम्हीच करा. ‘काम लवकर होईल’ यात थोडे तथ्य असते, कारण एजंट त्या फर्मला रोज फोन करू शकतो. पण एजंटला मोबदला व्यवहार पूर्ण झाल्यावर मिळतो, त्यामुळे जी फर्म तुम्हाला ‘थांबा, हे घर घेऊ नका’ म्हणेल तिच्याबद्दल त्याचे प्रेम किती टिकेल, हेही पाहा.

शेवटचे, आकड्यांबद्दल. डिसेंबर २०१८पासून फर्मना घरव्यवहाराचे दर, व्हॅट, इतर खर्च आणि काम करणाऱ्यांचा अनुभव व पात्रता संकेतस्थळावर द्यावी लागते. तरीही कोटेशनच्या शेवटच्या पानावरची बारीक अक्षरे वाचा. लीजहोल्डचा जादा आकार, मॉर्गेज हाताळण्याचा आकार, भेट म्हणून आलेल्या रकमेच्या तपासणीचा आकार, प्रत्येक बँक ट्रान्सफरचा आकार, ओळखपत्र तपासणीचा आकार, असे करत १,४५०चे कधी दोन हजार होतात ते कळतही नाही. तीनही फर्मना सारखीच माहिती देऊन, ‘सर्व आकारांसह’ लेखी आकडा मागा आणि मग तुलना करा. व्यवहार मोडला तर किती द्यावे लागेल तेही विचारा, कारण इथे एक्सचेंज होईपर्यंत कोणताही पक्ष दंड न भरता अंग काढून घेऊ शकतो.

साधासुधा

थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन फर्मकडूनच सगळे केले. फ्रीहोल्ड घर, पुढेमागे चेन (एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदीविक्रीची साखळी) नाही, पैसे आमच्याच खात्यातले. सॉलिसिटरचे तोंड पाहिले नाही, फाइल कुठवर आली ते रात्री अकरा वाजता मोबाइलवर दिसत होते आणि दहा आठवड्यांत चावी हाती आली. जवळच्या फर्मचे कौतुक मला समजते, पण व्यवहार सरळ असेल तर आठशे पौंड जास्त कशाला द्यायचे?

फायलीतला माणूस

साधासुधा, तुमच्यासारख्या व्यवहाराला मीही तेच सुचवले असते. पण इथे चेन आहे, लीजहोल्ड आहे, सहा मजली इमारत आहे आणि परदेशातून येणारी रक्कम आहे. यांपैकी एकेक बाब ऑनलाइन फर्म व्यवस्थित हाताळेल. चारही एकत्र आल्या की प्रत्येकीची वेगळी विचारणा वेगळ्या टेबलावर जाऊन पडते.

सहावा मजला

मूळ प्रश्नातला सहा मजल्यांचा उल्लेख वाचून लिहिण्यावाचून राहवले नाही. बाकी सगळे बाजूला ठेवा आणि तिन्ही फर्मना आज हे विचारा: ‘बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टखाली येणाऱ्या इमारतीतील फ्लॅटची विक्री तुम्ही घेता का?’ किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींना २०२२चा हा इमारत-सुरक्षा कायदा लागू पडतो, आणि ती जोखीम नको म्हणून असे फ्लॅट मुळीच न घेणाऱ्या फर्म आहेत. आमच्या फर्मने हे कधी सांगितले असेल? फाइल उघडल्यावर सहा आठवड्यांनी. तोवर त्यांना इमारतीची उंची कळलीच नव्हती म्हणे, आणि मी मात्र ती पहिल्याच फॉर्मवर लिहिली होती. दुसरी फर्म शोधेपर्यंत आमचे गिऱ्हाईक गेले.

या कायद्याखाली दोन कागद लागतात. एक लीजधारकाने म्हणजे तुम्ही करून द्यायचे डीड ऑफ सर्टिफिकेट, ज्यात १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तो फ्लॅट कोणाचा होता, ते तुमचे मुख्य घर होते का किंवा देशात तुमची एकूण किती घरे होती, हे येते. तुम्ही आठ वर्षे तिथेच राहत आहात, म्हणजे हे सोपे आहे. दुसरा इमारतीच्या मालकाचा दाखला, जो त्याने विक्रीची सूचना मिळाल्यापासून चार आठवड्यांत द्यायचा असतो. त्याला ती सूचना द्यायला सॉलिसिटरने जितका उशीर लावला तितका उशीर पुढे सरकत जातो. बाह्य भिंतींच्या अग्निसुरक्षेचा ईडब्ल्यूएस-१ फॉर्म असेल तर त्याची प्रतही आताच मिळवा.

याशिवाय व्यवस्थापन कंपनीकडून मिळणारी एलपीई-१ ही माहितीपुस्तिका. सेवाशुल्क, राखीव निधी, विमा, येऊ घातलेली दुरुस्ती हे सर्व त्यात असते. कंपन्या तिचे भरमसाट पैसे घेतात आणि आठवडेच्या आठवडे लावतात. सॉलिसिटर ठरला की पहिल्या दिवशी ही मागवायची. आमच्या दुसऱ्या फर्मने कार्यालय शंभर मैलांवर असूनही हे कागद पहिल्याच आठवड्यात मागवले, म्हणून अंतराबद्दल माझी तक्रार नाही.

लेस्टरवासी

पुण्याहून येणाऱ्या पैशांबद्दल दोन शब्द. माझ्या आईवडिलांनी नाशिकची जागा विकून मला रक्कम दिली, आणि माझ्या अख्ख्या खरेदीत सर्वाधिक वेळ याच एका विषयाने खाल्ला.

मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे, आणि ते नियम २०१७चे आहेत, सॉलिसिटरला पैसा कुठून आला हे मुळापर्यंत पाहावे लागते. ‘वडिलांनी दिले’ इतके पुरत नाही. वडिलांकडे कुठून आले हेही दाखवावे लागते. आमच्या फर्मने वडिलांच्या खात्याचे सहा महिन्यांचे उतारे, जागेच्या खरेदीखताची प्रत, पासपोर्टची साक्षांकित प्रत आणि ही भेट आहे, कर्ज नाही व घरात आपला हिस्सा मागणार नाही असे सही केलेले पत्र मागितले. खरेदीखत मराठीत होते. त्याचे प्रमाणित भाषांतर करून आणण्यात वडिलांचे पंधरा दिवस गेले, आणि भाषांतर पोचल्यावर फर्ममधल्या तरुणाने फोन करून विचारले की ‘गट नंबर’ म्हणजे काय. मी त्याला शेतीपासून समजावले.

म्हणून माझा निकष फायलीतला माणूस यांच्याहून जरा वेगळा आहे. भारतातून पैसे आलेले व्यवहार पूर्वी केले आहेत का, हे विचारा. ज्यांनी केले आहेत त्यांना एफडीची पावती, संयुक्त खाते, एकत्र कुटुंब हे शब्द अनोळखी नसतात. लेस्टर, लंडनचे हॅरो, वेम्बली या भागांत अशा फर्म सहज सापडतात, मँचेस्टरमध्येही सापडतील. आपल्या माणसाची फर्म हवी असे मी म्हणत नाही. आपल्या माणसानेच बुडवल्याच्या कथा मी पुरेशा ऐकल्या आहेत.

सासूसासऱ्यांच्या बाजूचेही पाहून ठेवा. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात दरडोई अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. भेट म्हणून पाठवताना वर्षाकाठी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (व्यवहाराच्या वेळीच गोळा केला जाणारा कर) कापते. तो विवरणपत्र भरल्यावर जमेस धरला जातो, पण ऐन वेळी तेवढी रोकड हाताशी लागतेच. रक्कम दोन आर्थिक वर्षांत विभागता येत असेल तर मार्चअखेर पाहून आखणी करता येते.

आणि हो, भारतात स्वतःच्या नावावर घर किंवा घराचा हिस्सा असेल तर सॉलिसिटरला न विचारताच सांगा. स्टँप ड्यूटी मोजताना जगभरातली घरे धरतात. राहते घर विकून त्याच्या जागी दुसरे राहते घर घेत असाल तर ५ टक्क्यांचा जादा अधिभार लागत नाही, पण रेडिंगची विक्री लांबली आणि स्टॉकपोर्टची खरेदी आधी झाली तर तो आधी भरून, जुने घर तीन वर्षांत विकल्यावर परत मागावा लागतो. गावच्या वाड्यातला चुलत्यांबरोबरचा हिस्सा ‘त्यात काय सांगायचे’ म्हणून न सांगणारे पुष्कळ असतात, आणि पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांची तर त्यामुळे सवलतच जाते.

क्लाइडकाठी

अवांतर आहे, पण धागा वाचणारे सगळे इंग्लंडमध्ये नसतील म्हणून नोंदवतो. स्कॉटलंडमध्ये क्रम उलटा आहे. इथे ऑफर सॉलिसिटरमार्फतच लेखी जाते, तेव्हा घर पसंत करण्याआधी सॉलिसिटर ठरलेला असावा लागतो. दोन्ही बाजूंची मिसिव्ह्ज नावाची पत्रे पूर्ण झाली की व्यवहार बांधला जातो. इंग्लंडमधल्या फर्मने स्कॉटलंडचे घर किंवा स्कॉटलंडच्या फर्मने इंग्लंडचे घर हाताळायला घेतले तर आधी खात्री करा, कारण कायदाच वेगळा आहे.

उत्तरेचा वारा

सहावा मजला यांचा अनुभव वाचून माझे मत थोडे बदलतो. मी फक्त खरेदीच्या बाजूने विचार करत होतो. तुमच्या चेनमधला नाजूक सांधा स्टॉकपोर्टचे घर नसून रेडिंगचा फ्लॅट आहे, कारण तो अडला तर सगळेच अडेल. पण म्हणून विक्रीला एक फर्म आणि खरेदीला दुसरी असे मात्र करू नका.

फायलीतला माणूस

अगदी बरोबर, आणि त्याचे कारण पैशांच्या प्रवासात आहे. एक्सचेंजच्या वेळी तुमचे गिऱ्हाईक सहसा १० टक्के डिपॉझिट देते आणि तेच पैसे तुमच्या खरेदीच्या डिपॉझिटसाठी पुढे सरकवता येतात. कम्प्लीशनच्या, म्हणजे पूर्ण रक्कम देऊन ताबा घेण्याच्या, दिवशीही सकाळी आलेली रक्कम दुपारच्या आत साखळीत पुढे जायची असते. एकाच फर्मच्या क्लायंट अकाउंटमध्ये हे होते तेव्हा एक माणूस एका पडद्यावर ते पाहतो. दोन फर्म असतील तर तुमचे सामान ट्रकमध्ये आणि तुम्ही फोनवर.

याच दिवशीची दुसरी भीती म्हणजे ईमेलची फसवणूक. भामटे सॉलिसिटरच्या किंवा तुमच्या ईमेलवर पाळत ठेवतात आणि ऐन वेळी, बहुधा शुक्रवारी, ‘आमच्या बँक खात्याचा क्रमांक बदलला आहे’ असे पत्र पाठवतात. खाते क्रमांक फाइल उघडताना छापील पत्रावर घ्या आणि पैसे पाठवण्यापूर्वी त्या पहिल्या पत्रावरच्या फोनवर बोलून ताडून पाहा, ईमेलमधल्या फोनवर नव्हे. इथे जवळच्या कार्यालयाचा उपयोग नक्की होतो, कारण जाऊन समोरासमोर विचारता येते.

टेम्सकाठची

सर्वांचे मनापासून आभार. काल आणि आज मिळून तिन्ही फर्मना फोन केले, आणि प्रत्येकीला तेच चार प्रश्न विचारले: फाइल कोण पाहणार, हाती किती फायली, सहा मजली इमारत घेता का, आणि भारतातून पैसे येणारे व्यवहार केले आहेत का.

एजंटच्या फर्मने रेफरल फी २४० पौंड असल्याचे विचारल्यावर लगेच सांगितले, त्याबद्दल त्यांचे कौतुकच. पण फाइल ‘टीम’ पाहणार, आणि इमारतीबद्दल ‘फाइल उघडल्यावर वरिष्ठ ठरवतील’. सर्व आकारांसह त्यांचा आकडा व्हॅट धरून २,३०० पौंडांच्या वर गेला. स्टॉकपोर्टच्या बाईंना चीफ रेंटबद्दल विचारले तर त्या हसल्या आणि त्या रस्त्याचे नाव सांगताच रेंटचार्ज कोणाकडे आहे तेही सांगितले. पण उंच इमारतीतले फ्लॅट आपण घेत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. आमच्या रस्त्यावरच्या फर्ममधल्या ज्या गृहस्थांकडे फाइल जाईल ते स्वतः फोनवर आले. आमच्याच इमारतीतले दोन फ्लॅट त्यांनी गेल्या वर्षी विकून दिले आहेत, व्यवस्थापन कंपनीत कोणाला फोन केला की काम होते हे त्यांना माहीत आहे, आणि हाती ६० फायली आहेत असे त्यांनी जरा थांबून, मोजून सांगितले. भारतातले व्यवहार ‘अधूनमधून’ केले आहेत म्हणाले. चीफ रेंट मात्र त्यांनी पुस्तकातच वाचला होता.

आकडा सर्वांत मोठा असला तरी त्यांनाच काम द्यायचे असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. रेंटचार्जचे मी त्यांना लेखी कळवेन. एलपीई-१साठी व्यवस्थापन कंपनीला त्यांच्या कार्यालयातून आजच ईमेल गेला. आता एकच शंका राहिली. ट्रान्सफर डीडवर (मालकी हस्तांतराच्या दस्तावर) सही करताना साक्षीदार लागतो म्हणे. सासूबाई तेव्हा इथेच असतील, त्या चालतील का?

फायलीतला माणूस

साक्षीदाराने सही करताना प्रत्यक्ष समोर हजर असावे लागते आणि तो व्यवहारातला पक्ष नसावा, एवढे कायदा सांगतो. पण सासूबाई रक्कम देणार आहेत आणि जवळच्या नात्यातल्या आहेत, त्यामुळे बँक किंवा समोरचा सॉलिसिटर हरकत घेऊ शकतो आणि तो कागद परत येण्यात दोन दिवस जातात. शेजाऱ्यांना बोलवा. त्यांचे नाव, पत्ता आणि व्यवसाय सुवाच्य अक्षरांत लिहून घ्या, आणि तारखेची जागा कोरी सोडा. ती कम्प्लीशनच्या दिवशी सॉलिसिटर भरतो.